भाड्यातला तिसरा हिस्सा

१

वरच्या मजल्यावरचा कूलर प्रीतीच्या अंगणात ठिबकायचा. मे महिन्यात नागपुरातल्या अर्ध्या धरमपेठेची हीच गत असते, त्यात नवल काही नाही. तिनं त्या धारेखाली बादली लावून ठेवली होती, आणि सकाळी भरलेली बादली मोगऱ्याला घालायची. त्या दिवशी बादली उचलायला गेली तर पाणी लाल. आधी वाटलं, टाकीचा गंज असेल. मग पाण्यावर केसांचा पुंजका दिसला, आणि त्या केसांना कातडी चिकटलेली होती.

तिचा नवरा धम्मदीप बाहेरच्या जिन्यानं धावत वर गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत घरमालक सुमंत उंबऱ्याकडे तोंड करून पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याची मागची बाजू ठेचून सपाट केली होती. हे एका घावाचं काम नव्हतं. मारणारा तो मेल्यावरही मारत राहिला होता.

गॅलरीतला कूलर जोरात चालू होता. टाकीत मिसळलेलं रक्त पंपानं वर चढून कूलरच्या जाळीतल्या गवतावर पडत होतं आणि पंखा त्याचे तुषार खिडकीतून खोलीभर उडवत होता. भिंत, पलंगाची चादर, मेलेल्या माणसाचा पांढरा शर्ट, सगळ्यावर बारीक गुलाबी ठिपके. धम्मदीपनं बटण बंद केलं आणि पोलिसांना फोन लावला.

पोलीस आले, टाकीत हात घातला, तर आत वरवंटा. थोड्या वेळानं त्यांनी धम्मदीपच्याच दंडाला धरून त्याला गाडीत बसवलं.

२

मी यमुताई. सक्करदऱ्याला राहते, आयकर खात्यातून निवृत्त झाले आहे. धाडी घालण्यात माझी उमर गेली. लोकांच्या गादीतून, तांदळाच्या पिंपातून मी काय काय उपसून काढलं ते सांगत बसत नाही, पण खोटं बोलणारा माणूस माझ्यासमोर बसला की मला त्याचा रागच येतो. त्या रागापायी खात्यात मला कोणी चहाला बोलवत नसे. नसो.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नंदिनी पोलीस इन्स्पेक्टर आहे. दुपारी तिचा फोन आला.

"मावशी, मर्डर आहे आणि मर्डरमंदी टॅक्स आहे. मर्डर मी पाहून घेतो, टॅक्स तू समजावून दे मले."

ही पोरगी लहानपणापासून घेतो-जातो असंच बोलते. मी रिक्षा केली आणि ठाण्यात गेले.

तिनं सांगितलं ते असं. सुमंत वीस वर्षांपासून कॅनडात. धरमपेठेतलं दुमजली घर त्याच्या नावावर. खालचा मजला धम्मदीपला भाड्यानं दिलेला, वरची खोली सुमंतनं स्वतःच्या येण्याजाण्यासाठी ठेवलेली. आता आठ दिवसांपूर्वी तो आला. काल संध्याकाळी त्यानं फाटकापाशी धम्मदीपची कॉलर धरली. सगळी गल्ली बाहेर आली. सुमंत ओरडत होता की तू चोर आहेस, माझ्या भाड्यातून टॅक्स कापला आणि सरकारात न भरता खाऊन टाकलास. धम्मदीपनं त्याला ढकललं आणि परत अंगाला हात लावला तर हात तोडीन म्हणाला. रात्रीतून सुमंत मेला. गल्लीतला कॅमेरा बंद, आणि मे महिन्यात घराघरांत कूलर घोंघावत असताना वरच्या मजल्यावर कोणी कोणाला ठेचलं तरी खाली ऐकू जात नाही.

मग मी तिला टॅक्स समजावला, आणि वाचणाऱ्यालाही इथंच सांगून टाकते, कारण सगळा खेळ त्याच्यावरच आहे. माणूस परदेशात राहत असला तरी नागपुरातल्या घराच्या भाड्यावर कर नागपुरातच लागतो. आणि तो कर मालकानं नाही, भाडेकरूनं कापायचा. भाडं देतानाच जवळजवळ तिसरा हिस्सा काढून सरकारात भरायचा आणि उरलेलं मालकाला द्यायचं. मालक इथंच राहत असता तर एवढ्याशा भाड्यावर भाडेकरूला काहीच कापावं लागलं नसतं. म्हणून बहुतेक भाडेकरूंना हा नियम ठाऊकच नसतो. सुमंत राहत होता त्या कॅनडालाही हे भाडं दाखवावं लागतं, पण इथं भरलेला कर तिथं वजा मिळतो. फक्त भरल्याचा पुरावा पाहिजे. या वर्षी तिथल्या खात्यानं पुरावा मागितला आणि सुमंतकडे तो नव्हता. मी ओळखीच्यांना विचारून खात्री केली. सुमंतच्या नावावर सरकारात एक पैसा जमा नव्हता.

"म्हणजे भाडेकरूनच खाल्ला," नंदिनी म्हणाली.

मी म्हटलं, आधी मला त्याला पाहू दे.

त्यांनी त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं. नंदिनी शवागारात गेली असताना तिच्या माणसांनी त्याला पट्ट्यानं फोडून काढलं होतं. दोन्ही हातांवर मनगटापासून खांद्यापर्यंत वळ होते, सुजून निळे झालेले, पण कातडी कुठंच फाटली नव्हती. मारणाऱ्यांना आपलं काम येत होतं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र भलतीकडे वळली होती. माणूस आर्किटेक्ट आहे, त्या हातानं नकाशे काढतो. मी नंदिनीकडे पाहिलं तर तिनं मान फिरवली. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

मी विचारलं तेवढ्याला त्यानं उत्तरं दिली. भाडं तो सुमंतच्या चुलत भावाला, मार्तंडजींना द्यायचा, पूर्ण द्यायचा. कापायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रात्री तो वर गेला नाही. आणि मग मी न विचारता तो म्हणाला, "मॅडम, मार खाल्ल्याचं काही नाही. पण त्यानं मले सगळ्यांसमोर चोर म्हटलं. माह्या बायकोसमोर. आता तो मेला, त्याले खरं कोण सांगन?"

बाहेर आल्यावर मी नंदिनीला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "वरून प्रेशर आहे, मावशी. संध्याकाळपर्यंत त्यानं कबुलीवर सही नाही केली, तर साहेब त्याच्या बायकोले उचलून आणाले सांगून राहिले."

३

मी तशीच धरमपेठेत गेले. प्रीती ओसरीवर बसली होती, तिच्यासमोर ती बादली अजून तशीच. ती नर्सिंग शिकवते, रक्ताला भिणारी बाई नाही, पण बादलीवरची नजर काढत नव्हती. मी तिला खडसावून आत नेलं, पाणी प्यायला लावलं आणि मग विचारायला बसले.

मला सुमंतची राहणी पाहिजे होती. ती म्हणाली, माणूस वाईट नव्हता, पण नागपूर विसरला होता. रोज सकाळी खाली येऊन कुरकुर करायचा की तुमचा कूलर बेकार आहे, अंग चिकचिक होतं. ती त्याला रोज सांगायची की कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा, हवेला निघायला वाट नाही मिळाली तर कूलर काय करील. तो ऐकत नसे. डास येतील, धूळ येईल म्हणून सगळं गच्च लावून बसायचा.

"आणि आज सकाळी?" मी विचारलं.

सकाळी धम्मदीपच्या मागोमाग वर तिनंही डोकावलं होतं. ती म्हणाली, "समोरची खिडकी उघडी होती. सताड."

आम्ही वर गेलो. पहाऱ्यावरच्या शिपायाला मी नंदिनीचं नाव सांगितलं. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ओढलेल्या होत्या, मधल्या स्टुलावर पाण्याचे दोन पेले. वरवंटा पूर्वीपासून दाराला अटकाव म्हणून उंबऱ्याशीच पडलेला असायचा, हे प्रीतीनं सांगितलं.

गॅलरीत मी कूलरचा बाजूचा पत्रा पाहिला. टाकीत वरवंटा टाकायचा तर तो पत्रा उचकटून काढावा लागतो. त्याची आतली कड गंजून दातेरी झाली होती आणि तिच्यावर वाळलेलं रक्त होतं, एक लांब ओघळ. पाण्यानं धुतलं न गेलेलं, कारण तिथं पाणी पोचत नाही. पंचनाम्यात ते मेलेल्याचंच म्हणून लिहिलं होतं.

"हा पत्रा काढताना कोणाचाही हात कापते," प्रीती म्हणाली. "म्हणून तर मी मार्तंडजींना दोनदा सांगतलं, टाकी गळते, माणूस पाठवा. ते म्हणाले, यंदाचा उन्हाळा निघू द्या."

मी तिथंच गॅलरीत उभी राहिले. धम्मदीपनं खून केला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. पण एवढ्यानं तो सुटणार नव्हता. मला दुसऱ्या कोणाचं तरी मनगट पाहिजे होतं.

४

मार्तंडचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. हातगाड्या आणि टेम्पो चुकवत मी पोचले तेव्हा घामानं निथळत होते. तो बनियनवर बसला होता, साठीचा, रुंद छातीचा, रडून डोळे सुजलेले. त्याचे उघडे हात मी आधी पाहिले. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

त्याला कोणी धड विचारलंच नव्हतं. पोलिसांनी दोन प्रश्न केले आणि तूच भाडं खाल्लं असशील म्हणून दरडावलं. मी म्हटलं, खाल्लं का?

"ताई, सुमंत माह्या मांडीवर खेळला," तो म्हणाला, आणि मग पुढचं सगळं एका दमात सांगितलं. भाडेकरू पूर्ण भाडं त्याच्याकडे आणून द्यायचा. सुमंतचं करसल्ल्याचं काम पाहणारा कृष्णकांत म्हणून माणूस होता. त्यानं सांगून ठेवलं होतं की भाडेकरूच्या मागे कुठं लागता, तिसरा हिस्सा मला द्या, मी सुमंतच्या नावानं सरकारात भरतो. मार्तंड दर तीन महिन्यांनी तेवढी रक्कम रोख नेऊन द्यायचा आणि उरलेली सुमंतच्या खात्यात टाकायचा. पावती मागितली तर कृष्णकांत म्हणायचा, पावती थेट कॅनडाले जाते.

काल फाटकावरच्या भांडणानंतर सुमंतनं मार्तंडला फोन केला होता. हा पोरगा म्हणतो मी काही कापलं नाही, खरं काय? मार्तंडनं त्याला हेच सांगितलं. सुमंतनं सगळं ऐकून फोन ठेवून दिला.

"हे पोलिसांना सांगितलं?"

"सांगतलं ना. ते म्हणते, कृष्णकांत साफ नाही म्हणून राहिला. रोख पैशाले कोणाचं नाव रायते, ताई? त्यायले वाटते मीच खाल्लं अन् मीच मारलं, नाही तं त्या पोरानं मारलं." त्यानं गुडघ्यावर मूठ आपटली. "टाकीची कटकट मी दुरुस्त केली नाही. कूलर नीट असता तं..."

तो काय म्हणत होता हे त्यालाही कळत नव्हतं. पण मला त्याच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती. मी विचारलं, सुमंतला तू भाडं किती सांगत होतास?

जेवढं होतं तेवढंच, तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी त्याला शिवी दिली.

५

दुकानाच्या ओट्यावर बसूनच मी सुमंतच्या बायकोला, वेदिकाला फोन लावला. तिकडे पहाट होती. ती विमानाची तिकिटं पाहत होती. त्या भाडेकरूला फाशी द्या, ती म्हणाली. मी ते ऐकून घेतलं. नंतर तिला दोन गोष्टी विचारल्या. सुमंतला भाडं किती आहे हे ठाऊक होतं का? होतं, आणि मार्तंडनं सांगितलेला आकडा बरोबर तोच निघाला. भाडेकरू कर कापतो हे त्याला कोणी सांगितलं होतं? कृष्णकांतनं. दर वर्षी तो सांगायचा, कर भाडेकरूच कापून भरतो, त्याच्याकडून सर्टिफिकेट आलं की पाठवतो. या वर्षी पुरावा मागितल्यावर मात्र म्हणाला, भाडेकरू टाळाटाळ करतो आहे, तोच पैसे खाऊन बसला असेल.

म्हणजे एकाच कराच्या या माणसानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. इतवारीला एक आणि कॅनडाला दुसरी. मध्ये सात समुद्र होते म्हणून इतकी वर्षं चाललं.

कृष्णकांतचं ऑफिस धरमपेठेतच, चकचकीत, एसीवालं. मी गेले तेव्हा त्यानं उठून खुर्ची दिली. गोरा, नीटनेटका, आवाज लोण्यासारखा. मी खात्यातली म्हटल्यावर त्याचा आदर आणखी वाढला. सुमंतसाठी त्यानं डोळे पुसले. मग कायदा सांगितला, तोही अगदी बरोबर. परदेशी राहणाऱ्या मालकाचा कर भाडेकरूनं कापायचा असतो, या पोरानं कापला असणार किंवा नसणार, पण भरला नाही हे उघड आहे. मार्तंडनं आपल्याला कधी एक रुपया दिला नाही. भांडीवाला माणूस, भाड्याचे पैसे दुकानात फिरवत असेल, त्याला काय म्हणणार. काल सुमंतचा फोन आला होता, पण परत जायच्या तारखेबद्दल. भेट झाली नाही.

तो बोलत होता आणि मी त्याच्या शर्टाकडे पाहत होते. पूर्ण बाह्या, मनगटाशी बटणं लावलेली. एसीत बसणारे पुष्कळ जण घालतात. पण पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवताना त्यानं उजवा हात मांडीवरच ठेवला आणि डाव्यानं, अंग वाकडं करून, पेला दिला. पाहुण्याला डाव्या हातानं पाणी. नागपुरात असं कोणी करत नाही, ज्याच्या उजव्या हाताला काही झालेलं नाही असा तर नाहीच.

मी पाणी प्यायले, नमस्कार केला आणि खाली येऊन नंदिनीला फोन केला. तिकडून ती म्हणाली, "मावशी, लवकर कर. साहेबांनी बायकोले आणाले गाडी काढाले सांगतली."

६

ती जीप घेऊन आली. मार्तंडही माझ्या मागोमाग इतवारीतून येऊन पोचला होता, नको म्हटलं तरी. जीपमध्ये बसून मी दोघांना सांगितलं.

सुमंत खिडकी कधीच उघडत नव्हता. आज सकाळी ती सताड उघडी होती, दोन खुर्च्या समोरासमोर होत्या, दोन पेले होते. म्हणजे पाहुणा आला, बसला, घामाघूम झाला आणि आपल्या सगळ्यांच्या हाताला जी सवय आहे तिनं त्यानं कूलरसमोरची खिडकी उघडली. कॉलर धरल्याचा सूड घ्यायला जिना चढून आलेला माणूस खिडकी उघडून पाणी पीत बसत नाही. सुमंतनंही, ज्याला चोर म्हटलं त्याला खुर्ची दिली नसती. म्हणून धम्मदीप नाही.

मग मार्तंड का नाही? वरवंटा ज्यानं टाकीत टाकला त्याला वाटलं की तो तिथं लपेल. बटण बंद करून त्यानं पत्रा काढला, वरवंटा आत सोडला, आणि इथं प्रत्येक जण टाकीत पाणी भरल्यावर करतो तसं बटण पुन्हा चालू करून निघून गेला. टाकी गळते, आणि गळून प्रीतीच्या अंगणात पडते, हे ज्याला माहीत होतं तो असं करणार नाही. धम्मदीपला माहीत होतं. मार्तंडला तर प्रीतीनं दोनदा सांगितलं होतं. माहीत नव्हतं ते एकाच माणसाला.

"मार्तंडजींनी पैसे खाल्ले नाही हे कशावरून?" नंदिनीनं विचारलं. चांगला प्रश्न होता.

"तुझ्या हातातून भाडं जात असतं आणि तुला त्यातलं खायचं असतं, तर तू काय केलं असतंस?" मी म्हटलं. "सुमंतला भाडंच कमी सांगितलं असतंस. तो तिकडे सात समुद्रापार, त्याला काय कळणार? दुकानदार माणूस भावात चोरी करील, कर कशाला मध्ये आणील? मार्तंडनं भाडं खरं सांगितलं. ज्याच्या हाताला भाडं लागतच नाही, फक्त कराचे पैसे लागतात, त्याला चोरी करायला करच उरतो."

मार्तंडनं खिडकीबाहेर पाहिलं. नंदिनी म्हणाली, पटलं, पण हे सगळं बोलणं झालं, कोर्टात काय नेऊ? मी तिला पत्र्यावरच्या ओघळाबद्दल सांगितलं. ते रक्त सुमंतचं नाही, कापलेल्या हाताचं आहे. धम्मदीपची कातडी तुझ्याच माणसांनी तपासून ठेवली आहे, मार्तंडचे हात समोर आहेत. तिसरा हात बाहीत आहे.

त्या दोघांना बाहेरच्या खोलीत थांबवून मी आत गेले. कृष्णकांत हसून उठला. मी बसले नाही. टेबलाला वळसा घालून सरळ त्याचा उजवा हात धरला आणि बाही वर खेचली. बटण तुटून उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत कापसाची पट्टी, मधून पिवळं पाणी झिरपत होतं.

"गंजलेला पत्रा आहे," मी म्हटलं. "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?"

त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला. टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता. त्यानं तो उचललेला मी पाहिला, आणि मग कपाळावर काहीतरी फुटलं. मी पडले. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी दिसत होतं की तो पुन्हा हात उगारतो आहे, अगदी शांतपणे, जसा सुमंतवर उगारला असेल. त्या क्षणी मी भ्याले. कबूल करते, खूप भ्याले.

दार धाडकन उघडलं आणि मार्तंड त्याच्यावर कोसळला. आयुष्यभर पितळेचे हंडे उचललेले हात ते. पहिल्या ठोशात नाक गेलं, त्याचा आवाज मी ऐकला. मग त्यानं त्याला केसांना धरून टेबलाच्या कडेवर आपटलं, आणि पुन्हा आपटलं. दात सांडले. मार्तंड नुसता हुंदके देत मारत होता. नंदिनीनं त्याला मागून कव घातली, तरी तो आवरत नव्हता. शेवटी तिला ओरडावं लागलं, "मरून जाईन तो, काका. मंग त्या पोराले कोण सोडवन?"

तेव्हा कुठं मार्तंडनं हात सोडले. कृष्णकांत फरशीवर रक्त थुंकत बोलायला लागला, आणि मग त्याला थांबवणं कठीण झालं.

७

माझ्या कपाळाला टाके पडले. सरकारी दवाखान्यात ज्या वॉर्डात मला नेलं, त्याच्याच शेजारच्या वॉर्डात नंदिनीनं धम्मदीपला आणून सोडलं होतं. गाडी प्रीतीच्या दारातून परत फिरली होती. ज्यांनी पट्टा चालवला त्यांच्याविरुद्ध तिनं स्वतःच्या सहीनं तक्रार दिली. उशिरा सुचलेलं शहाणपण, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलं.

धम्मदीपच्या हाताला प्लास्टर होतं. डॉक्टर म्हणाले, बोटं जुळतील, पण पूर्वीसारखी वळतील की नाही ते आताच सांगता येत नाही. प्रीती चमच्यानं त्याला मुगाची खिचडी भरवत होती आणि तो लहान मुलासारखा तोंड उघडत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "कायद्यानं तो टॅक्स मीच कापाचा होता ना?"

खोटं बोलायची मला सवय नाही. हो म्हटलं. खात्यानं ठरवलं तर तुझ्या मागेही लागू शकतं, हेही सांगितलं. पण वेदिकाशी माझं बोलणं झालं होतं. सुमंतचा कर ती त्याच्या नावानं भरणार होती. भरला की धम्मदीपवर काही राहत नव्हतं. फाशीचा शब्द तिनं फोनवर परत घेतला होता. उद्या ती येणार होती.

त्यानं मान हलवली, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतं. प्रीतीनं चमचा पुढे केला तर तोंड मिटून घेतलं. मला ठाऊक होतं त्याच्या मनात काय होतं. जे ठाण्यात होतं तेच. लोक त्याला निर्दोष म्हणतील, पेपरात छापून येईल, पण ज्यानं चोर म्हटलं तो त्याला चोर समजूनच गेला.

तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि कृष्णकांतनं फरशीवर पडून जे सांगितलं ते त्याला सांगितलं. सुमंतनं त्याला रात्री बोलावून घेतलं होतं. समोर बसवून सगळा हिशोब विचारला होता. कृष्णकांतनं पाय धरले, दोन महिन्यांत सगळं भरतो म्हणाला. पैशाचं तर सुमंत ऐकूनही घेत होता. म्हणाला, पैशाचं आपण उद्या पाहू.

"आणि मग तो उठला," मी म्हटलं. "कृष्णकांतनं विचारलं, कुठं जाता? तो म्हणाला, खाली जातो. त्या पोराला मी सगळ्या गल्लीसमोर चोर म्हणालो, त्याची आधी माफी मागतो, तो जागा असेल. तो दाराकडे वळला. तू खाली भेटला असतास तर रातोरात सगळं बाहेर आलं असतं. म्हणून कृष्णकांतनं वरवंटा उचलला."

धम्मदीपनं उशीवरून मान उचलली.

"तो तुझ्याचकडे येत होता, बाळा," मी म्हटलं. "त्याला खरं कळलं होतं."

पट्ट्याखाली हा माणूस रडला नव्हता. बोटं मोडली तेव्हा रडला नव्हता. आता त्यानं चांगला हात डोळ्यांवर घेतला आणि मोठ्यानं रडायला लागला, वॉर्डातली सगळी माणसं वळून पाहायला लागली इतक्या मोठ्यानं. प्रीतीनं वाटी खाली ठेवली, पण त्याला गप्प केलं नाही. मीही केलं नाही.